युद्धामुळे दुरावलेले दांपत्य आणि पैशांची ओढाताण

प्रश्न: वॉर्सामध्ये माझ्या शेजारी राहणारी युक्रेनियन मैत्रीण २०२२ मध्ये मुलाला घेऊन इथे आली, १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास मनाई झाल्याने तिचे पती मागेच राहिले. आता सासूबाईंच्या औषधांच्या खर्चावरून दोघांचे फोनवर सतत भांडण होते. तिला काय सुचवावे?

उत्तर १: पोलंडमध्ये मुलामागे दरमहा ८०० झ्लॉटी भत्ता आहे. तिने अर्ज केला आहे का, हे आधी पाहा.

उत्तर २: ताई, तिचा झ्लॉटीतला पगार युक्रेनच्या ह्रिव्निया या चलनात मोजल्यावर पतीला तो भरघोस वाटत असणार, परंतु वॉर्साचे घरभाडे त्यांनी पाहिलेले नाही. तिने भाड्याची पावती त्यांना पाठवावी आणि औषधांची ठरावीक रक्कम आधीच बाजूला काढावी.

प्रश्नकर्ती: पावतीचे आजच सांगते.