डेंग्यूनंतर केस गळत आहेत. पीआरपी घ्यावे का?

अबोली (फोंडा)
नमस्कार. माझे वय 31 आहे. पावसाळ्यात मला डेंग्यू झाला आणि त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागले. न्हाणीघराच्या जाळीवर रोज गुंता अडकलेला असतो आणि वेणी निम्मी झाली आहे. पणजीतील एका सौंदर्य चिकित्सालयात डोके नीट न पाहताच मला पीआरपीच्या (आपल्याच रक्तातून वेगळा काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला द्रव सुईने टोचण्याचा उपचार) सहा बैठकांचे पॅकेज सुचवण्यात आले. चेहऱ्यावरचे मुरुमांचे खड्डेही त्यानेच भरतील, असे सांगून आगाऊ रक्कम मागितली. मी अजून पैसे भरलेले नाहीत. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवळ (बांबोळी)
अबोलीताई, रक्कम तूर्त भरू नका. मी त्वचारोग विभागात काम करते आणि डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर घाबरून आलेल्या स्त्रिया आमच्याकडे नेहमीच येतात. मोठ्या तापात असंख्य केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळे जिवंत असल्यामुळे ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपसूक थांबते. आता पीआरपी घेतले, तर आपोआप येणाऱ्या केसांचे श्रेय त्या सुयांना मिळेल.

मात्र भांग रुंद होत चालला असेल, तेथील केस बारीक झाले असतील आणि घरात कोणाला तसा त्रास असेल, तर आनुवंशिक केसगळती तापामुळे उघडी पडली असण्याची शक्यता आहे. पीआरपीचा खरा उपयोग तेथे होऊ शकतो, कारण प्लेटलेटमधून बाहेर पडणारे वाढ-घटक आकसत चाललेल्या, पण अजून जिवंत असलेल्या मुळांना चेतना देतात. गुळगुळीत टकलावर त्याचा उपयोग होत नाही. माझ्या मते ते मिनॉक्सिडिलसारख्या केस वाढवणाऱ्या औषधाला दिलेली जोड आहे, त्याचा पर्याय नव्हे. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, म्हणून त्यांची संख्याही पाहणे आवश्यक आहे.

म्हापसेकर
मी आनुवंशिक केसगळतीसाठी महिन्याच्या अंतराने तीन बैठका घेतल्या. बर्फ लावूनही कपाळाजवळच्या सुया चांगल्याच लागतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत डोके जड राहते. चौथ्या महिन्यापासून गळती कमी झाली, माथ्यावरचे केस थोडे जाड झाले. कानशिलांवरची मागे गेलेली रेषा मात्र तेथेच आहे. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी एक बैठक सुचवली आहे, त्यामुळे हा खर्च एकदाच होऊन संपत नाही. फोटो एकाच जागी, एकाच उजेडात काढून ठेवा, नाहीतर आरसा मनाला वाटेल ते दाखवतो.

पळस (मडगाव)
मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, म्हणून एवढेच सांगतो की रक्ताच्या नळीवर तुमचे नाव तुमच्यासमोर लिहिले गेले पाहिजे आणि सुई-सिरिंज तुमच्यासमोर उघडली गेली पाहिजे. सेंट्रिफ्यूजमधून (रक्त वेगाने फिरवून त्याचे थर वेगळे करणारे यंत्र) बाहेर आलेल्या नळीत खाली लाल पेशी, मध्ये पांढुरकी पातळ साय आणि वर गवताच्या रंगाचा द्रव दिसतो. प्लेटलेट त्या सायीच्या आसपास गोळा होतात आणि चुकीचा थर उपसला तर सगळा खटाटोप वाया जातो. रक्त आपलेच असल्यामुळे ॲलर्जीची भीती फारशी नसते, पण स्वच्छता ढळली तर धोका गंभीर असतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपीचे फेशियल घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचा अहवाल तेथील सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केला होता.

निवळ (बांबोळी)
पळस यांचे म्हणणे मी प्रत्येक रुग्णाला सांगते. चेहऱ्याविषयी सांगायचे राहिले: पसरट, उथळ खड्ड्यांवर मायक्रोनीडलिंगसोबत (त्वचेला अतिबारीक सुयांनी टोचणे) पीआरपी दिल्यास काही प्रमाणात फरक पडतो, परंतु टाचणीने टोचल्यासारख्या अरुंद, खोल व्रणांना वेगळे उपचार लागतात. ताजे मुरूम असतील तर आधी ते आटोक्यात आणावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा गरोदरपणाची शक्यता असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा.

अबोली (फोंडा)
सर्वांचे मनापासून आभार. आईचा भांगही चाळिशीनंतर रुंद झाला होता, हे उत्तरे वाचताना लक्षात आले. सोमवारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग ओपीडीत जाऊन आधी डोके तपासून घेते आणि चिकित्सालयाला पॅकेज नको असल्याचे आजच कळवते.