भारत-पाकिस्तान बोलणी: तुमच्या घरापर्यंत काय पोचलं? (अनुभव धागा)

मे २०२५ च्या लढाईपासून जिथे जावं तिथे एकच वाद चालू आहे, आता पाकिस्तानशी बोलायचं की नाही. टीव्हीवर आठ चौकटींत आठ जण भांडतात, त्यांना नववा जोडायला हा धागा काढलेला नाही. ज्यांच्या घरावर, धंद्यावर, नोकरीवर या बोलण्यांचा किंवा अबोल्याचा परिणाम झाला, त्यांनी लिहावं. मतं चालतील, पण आधी अनुभव.

माझ्यापासून सुरुवात करतो. जुलै २००१, पुण्यातल्या एका दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होतो. आग्र्याला वाजपेयी-मुशर्रफ भेट चालू होती आणि पहिल्या पानासाठी दोन मथळे जुळवून ठेवले होते, एक जमल्याचा, एक फिसकटल्याचा. १६ तारखेला सकाळी मुशर्रफ यांची संपादकांबरोबरची न्याहारी टीव्हीवर दिसली. आमचे वृत्तसंपादक चहा ढवळत म्हणाले, "झालं. जे बंद खोलीत बोलायचं ते चव्हाट्यावर आलं, आता सही होत नाही." संयुक्त निवेदन येणार, येणार म्हणत ग्रामीण आवृत्तीची वेळ टळत आली. शेवटी 'चर्चा सुरूच' असा गुळमुळीत मथळा देऊन पान सोडलं. मुशर्रफ अजमेरला न जाता रात्रीच परतले आणि शहर आवृत्तीला दुसरा मथळा लागला. पुढे डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, सैन्य सीमेवर गेलं. आणि तरी जानेवारी २००४ मध्ये हेच दोघं इस्लामाबादला भेटले आणि चर्चेची गाडी पुन्हा रुळावर आली.

तेव्हापासून माझा कल असा की शिखर परिषदांपेक्षा खालचे बारीक, कंटाळवाणे करार जास्त टिकतात. कुणाचा अनुभव उलट असेल तर जरूर लिहा.

सातारा, निवृत्त सुभेदार

इथे वाचतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदा. २००३ साली पुंछ भागात होतो. नियंत्रण रेषेवर तेव्हा रोजची फायरिंग. रात्री बंकरबाहेर काडी पेटवायची सोय नाही. रेशन खेचरांवरून यायचं, तेही अंधारात. नोव्हेंबरात ईदच्या सुमारास हुकूम आला, २५ तारखेच्या मध्यरात्रीपासून दोन्हीकडून फायर बंद. आमच्यात कुणाचाच विश्वास नव्हता. पहिल्या काही रात्री कुणी झोपलं नाही, कारण शांततेची सवयच नव्हती. कान नुसते वाजायचे.

लोकांना एक गोष्ट माहीत नसते. रेषेवरचं कुंपण याच शस्त्रसंधीत पुरं झालं. त्याआधी खांब रोवायला गेलं की पलीकडून फायर यायची. २००४ मध्ये कुंपण उभं राहिलं आणि घुसखोरीला आळा बसला. म्हणजे बोलणी केली म्हणून आपण ढिले पडलो, असं जे म्हणतात ते मला पटत नाही.

दोन्हीकडच्या डीजीएमओंच्या, म्हणजे लष्करी कारवाया बघणाऱ्या महासंचालकांच्या, हापिसांमध्ये हॉटलाइन आहे. मंगळवारी त्यावर बोलणं व्हायचं, काही भांडण नसलं तरी. फेब्रुवारी २०२१ मध्ये शस्त्रसंधी पुन्हा पाळायचं ठरलं ते याच वाटेनं, आणि १० मे २०२५ ला दुपारी पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन आला तोही आपल्या डीजीएमओंनाच. संध्याकाळी पाचपासून फायर बंद ठरलं. त्या रात्रीही ड्रोन आले, ते वेगळं. पण फोन करायला जागा होती.

तलासरी, ताई

माझा भाऊ कराचीच्या लांढी तुरुंगात होता. आमच्या पाड्यातली पोरं पावसाळा सरला की ओखा, पोरबंदर, वेरावळला बोटीवर खलाशी म्हणून जातात. शेठ उचल देतो, त्यावर घर चालतं. एका हंगामात त्याची बोट पाकिस्तानवाल्यांनी धरली. आम्हाला कळलं ते दुसऱ्या बोटीच्या टंडेलकडून, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याकडून.

नंतर किती तरी महिन्यांनी दिल्लीहून फिरत फिरत कागद आला आणि पोलीस घरी आले. कागदावर भावाचं नाव चुकीचं, बापाचं नाव त्याहून चुकीचं, तालुक्याचा पत्ताच नाही. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, लग्नातला फोटो असं सगळं काढून दिलं. हा माणूस भारतातलाच आहे हे इथून लिहून गेल्याशिवाय तिकडे नाव पुढे सरकत नाही. शिक्षा संपली तरी माणूस आतच राहतो. आमचा कागद इथल्याच एका कार्यालयात किती दिवस पडून होता ते नंतर कळलं. त्याला पाकिस्तान जबाबदार नव्हतं.

दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, २००८ च्या करारानुसार. पेपरात फक्त आकडा येतो, नावं येत नाहीत. १ जुलै २०२५ ला, लढाई होऊन दोन महिने झाले नव्हते, तरी यादी आली. पाकिस्तानने त्यांच्याकडे १९३ भारतीय मच्छीमार असल्याचं सांगितलं. भाऊ तोवर घरी आला होता. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी दोन खेपांत जवळजवळ ४०० जण सोडले, त्यात तो सुटला.

धागाकर्ता

ताई, हद्दीचं भान बोटीवर कुणाला नसतं का? की सर क्रीकचा, गुजरात आणि सिंधमधल्या त्या खाडीच्या हद्दीचा, वाद सुटला नाही म्हणून हे होतं?

तलासरी, ताई

टंडेलला सगळं माहीत असतं, बोटीवर जीपीएस असतो. पण मासा तिकडे खाडीच्या बाजूला, आणि शेठचं डिझेल जाळून रिकामं परतलं तर पुढच्या फेरीला कोण घेणार? हद्द ठरली तरी थोडे धरले जातीलच. माणसं परत मिळतात, बोटी तिकडेच राहतात. म्हणून शेठ लोकांचा जीव बोटीसाठी जास्त तुटतो, खोटं कशाला सांगू.

डोंबिवली

वर सगळ्यांनी छान लिहिलंय, पण मला जड जातंय वाचायला. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली. त्यात महाराष्ट्रातले सहा, आणि त्यातले तिघं आमच्या डोंबिवलीचे. अंत्ययात्रेच्या दिवशी गर्दीत उभा होतो. शेजारी कॉलेजातली पोरं होती, एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी. ती मुठी आवळून उभी होती.

त्याआधी २६/११, त्याआधी ११ जुलै २००६ च्या लोकल. दरवेळी बोलणी थांबली, काही वर्षांनी सुरू झाली, मग पुढचा हल्ला. ज्यांनी माणसं पाठवली त्यांना शिक्षा व्हायच्या आधी चहा-बिस्किटं नकोत, एवढंच माझं म्हणणं. ताईंच्या भावाची यादी चालू राहावी. त्याला मी बोलणी म्हणत नाही.

सातारा, निवृत्त सुभेदार

डोंबिवलीकर, तुमच्या रागापुढे मी काही बोलणार नाही.

नांदेड

आम्ही दख्खनी शीख, घरात मराठी आणि पंजाबी दोन्ही. आईला घेऊन कॉरिडॉरमधून पाकिस्तानातल्या कर्तारपूर साहिब गुरुद्वाऱ्याला जाऊन आलो. २०१९ मध्ये फेब्रुवारीत पुलवामा आणि बालाकोट झालं, ऑगस्टात पाकिस्तानने व्यापार बंद केला, आणि ९ नोव्हेंबरला हा कॉरिडॉर उघडला. दोन्हीकडचे अधिकारी मधल्या काळात अटारी-वाघ्याला बसून शुल्क, संख्या, पूल यांवर घासाघीस करत होते.

व्हिसा लागायचा नाही, पण पासपोर्ट लागायचा. माणशी २० डॉलर. पिशवी ७ किलोपर्यंत, रोकड ११,००० रुपयांपर्यंत, आणि त्याच दिवशी माघारी. पलीकडे जाण्याआधी आपल्या बाजूला डेरा बाबा नानकला पोलिओचे थेंब पाजायचे. सत्तरी ओलांडलेल्या आईने आ वासून थेंब घेतले आणि सगळी रांग हसली. ७ मे २०२५ पासून आपल्या बाजूने कॉरिडॉर बंद झाला.

वाशी, सुकामेवा

आमची तीन पिढ्यांची पेढी. खारीक बहुतेक सिंधमधली, खैरपूर भागातली. डिंकाच्या लाडवात आणि लग्नाच्या ओटीत जाते तीच. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्युटी बसली आणि तिथून धंद्याला वाकडी वाट लागली. माल दुबईला जायचा, कागद बदलायचे, मग न्हावा शेवाला उतरायचा. सगळेच करत होते असं नाही, पण बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. मे २०२५ ला तिसऱ्या देशातून येणाऱ्या पाकिस्तानी मालावरही बंदी आली.

मला देशभक्ती शिकवू नका, बंदी आहे तर आहे. पण व्यापार वाढला की वैर आपोआप कमी होतं, ही चर्चासत्रातली गोष्ट मी तरी पाहिली नाही. अटारीवरून माल येत होता तेव्हाही कारगिल, मुंबई सगळं झालं. व्यापार हा दुबळा गडी आहे, पहिल्या धक्क्याला बाहेर.

उल्हासनगर, कॅम्प चार

आमचं मूळ गाव सिंधमधलं शिकारपूर. तिकडेच घोटकीजवळच्या शदाणी दरबारला, आम्हा सिंधी हिंदूंच्या तीर्थाला, जत्थ्यातून जायची सोय १९७४ च्या तीर्थयात्रा करारामुळे आहे, वडील गेले होते. एप्रिल २०२५ मध्ये व्हिसे रद्द झाले तेव्हा सक्करहून आलेली मावशी आमच्याकडेच होती. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहणार हा खुलासा येईपर्यंत तिने बॅग भरून दाराशी ठेवली होती. नंतरही कित्येक दिवस उघडली नाही.

दुबई

कामावर कराचीचा एक मराठी माणूस भेटला. हो, कराचीत मराठी हिंदू कुटुंबं आहेत, गणपती बसवतात. त्याची मराठी उर्दू वळणाची, पण 'सुखकर्ता दुःखहर्ता' आपल्याच चालीत. त्याने नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाच्या कराचीतल्या शाळेचे फोटो दाखवले. बहिणीला कोल्हापूरला अंबाबाईला आणायचं होतं. अर्ज दोनदा फेटाळला गेला. दोन्ही सरकारांना त्याने ज्या शिव्या दिल्या त्यात मात्र संपूर्ण समतोल होता.

डहाणू, नवीन सदस्य

तलासरीच्या ताई, आमच्या पाड्यातला एक जण अजून आत आहे. त्याची ओळख पटवायचा कागद गेला की नाही, कसं कळेल? घरी कुणीच आलेलं नाही.

तलासरी, ताई

आधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारा, दिल्लीचा कागद त्याच्या नावाने आलाय का. आलेला नसेल तर बोटीच्या शेठकडून बोटीचा नोंदणी क्रमांक आणि धरल्याची तारीख लिहून घ्या, त्यावर मत्स्यव्यवसायच्या हापिसात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय उठू नका. नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून द्या, तिकडे उर्दूत लिहिताना बदलतं. बापाचं नाव आणि गावाचं नाव पण तसंच. उद्याच जा, शनिवारी बंद असतं.