उत्तर: उशिरा दिसलं की हात फक्त मंदावतो?
दूरचा यांत्रिक हात पडद्यावर पाहून चालवताना चित्र उशिरा पोचलं की चालवणाऱ्याचा हात फक्त मंदावतो, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. हालचालीची रीतच बदलते. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात शेरिडन आणि फेरेल या संशोधकांनी दूरनियंत्रित यांत्रिक हाताला मुद्दाम उशीर लावून पाहिला. चालवणारे आपणहून थोडं हलवायचे, हात स्थिर धरायचे, परिणाम दिसला की पुढचं पाऊल. वेळ बराच जायचा, पण काम अचूक व्हायचं. न थांबता हलवत राहिलं तर आधीच सुधारलेली चूक डोळ्यांना अजून दिसत असते, आपण ती पुन्हा सुधारतो आणि हात लक्ष्याच्या अल्याड-पल्याड झुलत राहतो.

उशीर किती, हे म्हणूनच महत्त्वाचं. सप्टेंबर 2001 मध्ये मारेस्को या फ्रेंच सर्जननी न्यूयॉर्कमधून रोबोट चालवून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय काढलं, तेव्हा तो उशीर सुमारे 155 मिलिसेकंद होता. तेवढ्या उशिरात न थांबता सलग काम जमलं.