उंटिणीचं दूध: गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला द्यावं का?

दोहावासी आई:
द्यावं, आणि डॉक्टरांनी ते आपणहून सुचवावं. माझ्या लेकीला आठव्या महिन्यात चमचाभर दह्याने अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. घरून लगेच सल्ला आला, "शेळीचं दे, हलकं असतं." इथे कतारमध्येच गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या ३८ मुलांची स्किन टेस्ट केलेला अभ्यास २०११ मध्ये आला होता. शेळीच्या दुधाला २४ मुलं पॉझिटिव्ह निघाली, उंटिणीच्या दुधाला फक्त ७. गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उंटिणीच्या दुधात नसतंच, आणि केसिन हे दुधातलं दुसरं प्रथिनही बरंच वेगळं असतं. लेकीची टेस्ट निगेटिव्ह आल्यावर दवाखान्यातच पहिले घोट पाजले. काही झालं नाही. मग भारतात याचं नाव काढलं की डॉक्टर का उडवून लावतात?

आहारतज्ज्ञ, पुणे:
शेळीबद्दल पूर्ण सहमत. म्हशीचंही तेच, ॲलर्जीवाल्या बाळाला दोन्ही नकोत. पण ३८ मध्ये ७ म्हणजे जवळपास पाचातलं एक मूल. ते मूल आपलंच आहे का, हे घरी चमचा भरवताना कसं कळणार? तुम्ही आधी टेस्ट केली. इथे बहुतेक जण व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून थेट पावडर मागवतात.

शिवाय ॲलर्जी होत नाही म्हणून ते बाळाचं अन्न होत नाही. आईच्या दुधात प्रथिनं साधारण १ टक्का, उंटिणीच्या दुधात ३ टक्क्यांच्या आसपास. क्षारही जास्त. तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. वर्षाच्या आत कुठल्याच प्राण्याचं दूध मुख्य अन्न म्हणून देऊ नये. आईने स्वतःचे दुधाचे पदार्थ बंद करून अंगावरचं पाजत राहावं. ते शक्य नसेल तर प्रथिनं बारीक तोडलेला हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला (बाळाच्या दुधाची डब्यातली पावडर), फारच तीव्र ॲलर्जीत अमिनो ॲसिडचा.

नाशिकचा बाबा:
अमिनो ॲसिडवाला ४०० ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसांत संपतो, आणि किंमत हजारांत. माझ्या ओळखीतलं एक जोडपं डबा पुरवायला पाच चमच्यांच्या जागी तीन घालतं. त्या पातळ पाण्यापेक्षा उंटिणीचं दूध वाईट का? अमूलने २०१९ मध्ये कच्छचं बाटलीबंद दूध आणलं तेव्हा अर्धा लिटर ५० रुपयांना होतं. पगारदार माणसाने काय करायचं, ते आधी सांगा.

भुजकर:
आमच्या कच्छचे उंटपाळ, रबारी आणि फकिराणी जत, पिढ्यान् पिढ्या हे दूध पितात, त्याचा खप वाढावा असं मलाही मनापासून वाटतं. देशातले उंट २०१२ च्या चार लाखांवरून २०१९ च्या पशुगणनेत अडीच लाखांवर आलेत. दुधाला भाव मिळाला तरच कळप टिकतील. पण त्यासाठी तान्ह्या बाळांचं गिऱ्हाईक नको. आणि मोठ्यांनीही कच्चं धारोष्ण पिऊ नये, ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार होऊ शकतो.

दोहावासी आई:
ठीक, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको. पण वर्षानंतर, टेस्ट करून, पाश्चराइज्ड? त्याला तरी हो म्हणा.

आहारतज्ज्ञ, पुणे:
हो. ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली माझी हरकत नाही.

नाशिकचे बाबा, त्या जोडप्याला आजच सांगा, डबा पातळ करू नका, बाळाचं वजन घटेल. बाळ सहा महिन्यांच्या पुढचं असेल तर सोया फॉर्म्युला चालेल का, हे डॉक्टरांना विचारू दे. काही बाळांना सोयाचीही ॲलर्जी असते, म्हणून विचारल्याशिवाय सुरू करू नये. पण तो बराच स्वस्त पडतो.