कॅटलिना लांबूनच मागे का नाही फिरली? (४ एप्रिल १९४२)

क्षितिज_२२: सिलोनपासून दक्षिणेला सुमारे साडेतीनशे मैलांवर कॅनडाचे वैमानिक लिओनार्ड बर्चल यांच्या कॅटलिना या पाण्यावर उतरणाऱ्या टेहळणी विमानाला जपानी अ‍ॅडमिरल नागुमोचा आरमारी ताफा दिसला आणि थोड्याच वेळात ती पाडली गेली. जहाजं लांबून दिसली होती, तर तिथूनच संदेश देऊन सटकता आलं नसतं का?

नांगरवाला: लांबून दिसतात ते नुसते ठिपके. विमानवाहू जहाजं किती, रोख कुठे, वेग किती, हे कळल्याशिवाय कोलंबोला त्या संदेशाचा उपयोग काय? मोजायला जवळ जावंच लागतं. मग हिशेब मांडा. कॅटलिना जीव तोडून पळाली तरी ताशी २८० किमीच्या आसपास, जपानी लढाऊ विमान झीरो ५३०. वीस किमीचं अंतर पाच मिनिटांत संपतं. आता मोर्स: समजा पाच अक्षरांचे २५ गट, मिनिटाला २० गट, म्हणजे सव्वा मिनिट. संदेश तीनदा पाठवायचा नियम होता, म्हणजे जवळपास चार मिनिटं. सांकेतिक लिपीत बसवायला लागणारा वेळ वेगळाच! तिसरी खेप अर्धवट असताना रेडिओ उडाला, यात नवल नाही.

वल्ह्याविना: वेगाचं बरोबर, पण खरा घात उघड्या आभाळाने केला. माग काढणारं विमान ढगाच्या कडेने राहतं, झीरो आले की आत शिरतं. इथे ढगच नव्हते आणि उंची जेमतेम २००० फूट. शिवाय कॅटलिनाच्या पंखाचा मधला भाग हीच पेट्रोलची टाकी, पंखाचा पत्राच टाकीची भिंत. छिद्र पडलं की पेट्रोल थेट गळतं आणि पेटतं. उत्तराला .३०३च्या मशीनगन, समोर झीरोच्या २० मिमीच्या दोन तोफा. उंची कमी असल्याचा एकच फायदा झाला, विमान लगेच पाण्यावर टेकवता आलं. नऊ जणांपैकी सहा वाचले, त्यांना 'इसोकाझे' विनाशिकेने कैद केलं.

क्षितिज_२२: म्हणजे संदेश पोहोचला. मग दुसऱ्या दिवशी 'डॉर्सेटशर' आणि 'कॉर्नवॉल' या ब्रिटिश युद्धनौका कशा बुडाल्या?

नांगरवाला: इशाऱ्याने कोलंबो बंदर बरंचसं रिकामं झालं. पण या दोन क्रूझर बंदरात नव्हत्याच. कोलंबोहून निघून ब्रिटिश अ‍ॅडमिरल सॉमरव्हिलला गाठायला चालल्या होत्या, वाटेत बॉम्बफेकी विमानांनी गाठलं. सॉमरव्हिलचा मुख्य ताफा तर ४ तारखेला मालदीवमधल्या अड्डू अटोलला इंधन भरत होता, सहाशे मैलांवर. एक दिवस आधी कळून तो वेळेत पोहोचणार कसा?

वल्ह्याविना: ९ एप्रिललाही तेच. बर्चल यांच्याच ४१३ स्क्वाड्रनच्या दुसऱ्या कॅटलिनाने ताफा पाहिला, ती परतली नाही, कुणीही वाचलं नाही. ब्रिटिश विमानवाहू नौका 'हर्मीस' सिलोनच्याच ट्रिंकोमाली बंदरावरच्या हल्ल्याआधी बाहेर काढली होती, पण तिच्यावर एकही विमान नव्हतं. परत फिरताना ती सापडली आणि बुडाली.