ग्रीन कार्डची मुलाखत, दोघांना बोलावलंय: १ जूनची जन्मतारीख आणि गावाकडचे दाखले

पारोळेकर
राम राम मंडळी. आमचे दोघांचे आय-४८५ (अमेरिकेतल्या ग्रीन कार्डचे अर्ज) ईबी-२ या नोकरीवरच्या प्रवर्गात आहेत. मुख्य अर्जदार मी, बायको डिपेंडंट, म्हणजे माझ्या अर्जावर अवलंबून. मुलाखतीची नोटीस आलीय, हातात पाच आठवडे. अडचण तिच्या कागदांची. जन्मनोंद यावल तालुक्यातल्या ग्रामपंचायतीची, नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’. नोंदीत १४ ऑगस्ट, पासपोर्टवर १ जून. लग्न आखाजीचं (अक्षय तृतीयेचं), नोंदणी दोन महिन्यांनंतरची. हे कसं मांडायचं? आणि आत विचारतात काय?

तापीकाठ
१ जून ही गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली तारीख, निम्म्या खानदेशाची तीच आहे. ऑफिसरला मात्र ते ठाऊक नसतं. त्याला दोन कागदांवर दोन तारखा दिसतात. म्हणून घाईने पासपोर्ट बदलू नका आणि दाखलाही ‘जुळवून’ आणू नका, त्याने संशय वाढतो. फरक आधीच वकिलाला लेखी कळवा. विचारलं तर सरळ सांगायचं: पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघाला, शाळेत तारीख अंदाजे लागली.

तिच्या आई-वडिलांनी ग्रामसेवकाकडे अर्ज देऊन नाव चढवून घ्यावं. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून नोंदणी क्रमांक आणि नोंदणी दिनांक बघा. दोन्ही जुनेच हवेत. काही ठिकाणी नाव चढवण्याऐवजी नवीच नोंद घालून देतात, मग कागदावर ती उशिराची नोंद दिसते.

सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं जोडा. इथेच जास्त चुका होतात. नोटरीकडच्या छापील मसुद्यात ‘सदर मुलीस मी ओळखतो’ एवढंच असतं, ते चालत नाही. लिहून देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, त्याची जन्मतारीख आणि जन्मगाव, नातं, मुलीचं पूर्ण नाव, जन्माची तारीख व गाव, तिच्या आई-वडिलांची नावं, आणि हे त्याला कसं माहीत, इतकं हवंच. मामा लिहून देणार असतील तर भाची जन्मली तेव्हा ते जाणत्या वयाचे होते ना, हे बघा.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद आजोळच्या गावात आणि पासपोर्टवर जन्मगाव वडिलांचं, असंही सर्रास सापडतं. तेही ताडून पाहा.

भाषांतराला नोटरी लागत नाही. ‘भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात’ असं भाषांतर करणाऱ्याने लिहून सही करायची. शिक्क्यातला मजकूरही उतरवा. हे काम तुम्ही दोघांनी करू नये, त्रयस्थ बरा.

भुसावळ जंक्शन
लग्नाची तारीख म्हणजे अक्षता पडल्या तो दिवस. नोंदणीचा नाही, साखरपुड्याचा तर नाहीच. महाराष्ट्राच्या विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही तारखा असतात. घोळ होतो तो जुन्या अर्जांत. एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) च्या वेळच्या डीएस-१६० या व्हिसा अर्जात कोणती टाकली होती ते आजच उघडून बघा.

आत गेल्यावर आधी शपथ, मग आय-४८५ मधले प्रश्न ओळीने. बहुधा दोघांना एकत्रच बसवतात. तुम्हाला कामाचं विचारतील: पद, रोजचं काम, पगार, मालक तोच का. नवं नोकरीचं पत्र, सप्लिमेंट जे (नोकरी कायम आहे असं मालक लिहून देतो तो फॉर्म), अलीकडच्या पगारपावत्या, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा कागद), आतापर्यंतचे सगळे आय-७९७ (मंजुरीच्या नोटिसा) आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) ठेवा. बढती झाली असेल तर पर्ममधलं (मालकाने श्रम खात्याकडे केलेल्या अर्जातलं) काम आणि आजचं काम यांचा मेळ वकिलाकडून बघून घ्या. ताईंना लग्नाचं विचारतील. भाडेकरार, जोडखातं, एकत्र भरलेला टॅक्स आणि लग्नाचे दहाएक फोटो, ज्यात दोन्हीकडची वडीलधारी दिसतात, एवढं पुरे. अख्खा अल्बम नको.

‘कधीही’ने सुरू होणारे प्रश्न नीट ऐका. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली असेल, तर शस्त्रप्रशिक्षणाच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणू नका. आधीचे नाव विचारलं तर माहेरचं नाव द्यायचं, ते फॉर्मवरही हवं.

मेडिकल तपासणीचं डॉक्टरने दिलेलं पाकीट हातात असेल तर सील फोडू नका.

पारोळेकर
धन्यवाद दोघांना. माझं मंजूर झालं आणि तिचं अडकलं, असं होतं का?

तापीकाठ
होतं, भाऊ. मुलाखत चांगली झाली तरी मंजुरीच्या दिवशी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख) करंट, म्हणजे पाळी आलेली, लागते. मध्येच भारताची तारीख मागे गेली की राहिलेली फाइल ती पुन्हा पुढे येईपर्यंत पडून राहते. तुमच्या मंजुरीआधीच लग्न झालेलं आहे, त्यामुळे तिचा डिपेंडंटचा हक्क जात नाही. आणि लग्नाला दोन वर्षं झाली नसली तरी तिला दोन वर्षांचं कंडिशनल कार्ड मिळणार नाही. तो नियम नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाने जोडीदारासाठी अर्ज केला तर लागतो, नोकरीच्या रांगेतल्या डिपेंडंटला नाही.

नोटीस दोघांची वेगळी असते. दोन्ही छापून घ्या आणि वेळ दोन्हींवर बघा.