स्कूटरचे सुटे भाग : स्थानिक दुकानातून घ्यावेत की ऑनलाइन?

प्रश्न (डिचोली)
माझ्या २०१७ सालच्या स्कूटरच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग आणि मागचे ब्रेक शू बदलावे लागतील, असे मेस्त्रीने सांगितले आहे. हे भाग म्हापशातील दुकानापेक्षा ऑनलाइन थोडे स्वस्त दिसतात. चतुर्थी तोंडावर आहे. दुकानातूनच घेण्यात खरोखर काही लाभ आहे, की ती केवळ सवय आहे?

उत्तर (म्हापसा)
लाभ नक्कीच आहे, आणि तो पैशांपेक्षा नेमका भाग मिळण्यात आहे. जुने बेअरिंग काढून सोबत न्यावे. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. उदाहरणार्थ, ६२०१ म्हणजे आतील व्यास १२ मिलिमीटर, बाहेरील ३२ आणि रुंदी १०. गंजामुळे क्रमांक पुसट झाला असला, तरी जाणता दुकानदार व्हर्निअरने मोजून त्याच मापाचे काढून देतो आणि दोन्ही बाजूंना रबरी सील हवे की पत्र्याचे झाकण, हेही आपण होऊन विचारतो. आपल्याकडच्या पावसात रबरी सीलचेच घ्यावे, कारण पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि काही काळातच चाक घरघरू लागते. संकेतस्थळावरच्या छायाचित्रात हा फरक सहसा ध्यानात येत नाही.

उत्तर (मडगाव)
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु दुकान गावातले आहे एवढ्यावरून माल अस्सल ठरत नाही. एका दुकानाने मला कंपनीचे म्हणून दिलेले ब्रेक शू पहिल्याच पावसाळ्यात झिजले, आणि बिल नसल्यामुळे तक्रारीला आधार उरला नाही. ब्रेकच्या बाबतीत अशी तडजोड जिवावर बेतू शकते. म्हणून खोक्याचे सील, पार्ट क्रमांक आणि छापील किंमत पाहून पक्के बिल मागावेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. बिलावर तोच दर लावला आहे ना, हेही पाहावे. सीट कव्हर किंवा मोबाइल होल्डर मात्र खुशाल ऑनलाइन घ्यावेत.

उत्तर (फोंडा)
भाग बसला नाही तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. न वापरलेले ब्रेक शू ओळखीचा दुकानदार सहसा परत घेतो. विजेवर चालणारे भाग एकदा जोडले की बहुतेक दुकाने परत घेत नाहीत.